रात्रशाळेसाठी मूडल बसवताना

मुंबईतल्या आमच्या मराठी रात्रशाळेत दहावीचा वर्ग वेळापत्रकाप्रमाणे साडेसहाला भरतो. प्रत्यक्षात मुलं आठपर्यंत येत राहतात. कुणाचं दुकान साडेसातला सुटतं, कुणाची लोकल रखडते, पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या एक ताई शेवटचे डबे गेल्याशिवाय निघूच शकत नाहीत. पहिला तास बीजगणिताचा. उशिरा येणाऱ्यांचं दर वेळी बीजगणितच बुडतं, आणि मार्चमध्ये गचकतातही त्याच विषयात.

मी तिथला नेमणुकीचा शिक्षक नाही. दिवसा एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी विज्ञान शिकवायला जातो. त्यामुळे मुख्याध्यापक जेव्हा म्हणाले, "बुडालेला तास मुलांना नंतर मोबाइलवर मिळाला पाहिजे, तुम्ही कॉम्प्युटरवाले, बघा काय जमतं ते," तेव्हा काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप होताच. त्यात वहीच्या पानांचे फोटो, सणांच्या शुभेच्छा आणि 'उद्या शाळा आहे का' हे सगळं एकाच प्रवाहात वाहत असे. मोबाइल बदलला किंवा मेमरी भरली म्हणून मीडिया उडवला, की वर्षभराच्या नोट्स गेल्या. गुगल क्लासरूमचाही विचार झाला. फुकट आहे, चांगलं आहे. पण अडचण निघाली ती भलतीच: जीमेल खातं प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, फक्त ते मोबाइलच्या दुकानातल्या पोराने काढून दिलेलं आहे आणि त्याचा पासवर्ड जगात कुणालाच माहीत नाही. फोन बदलला की नवीन खातं. हजेरीपटावरचा विद्यार्थी आणि स्क्रीनवरचं नाव यांचा मेळ बसवता बसवता वर्गशिक्षक हैराण.

आम्हाला हवं होतं ते असं: खातं शाळेने द्यायचं, पासवर्ड विसरला तर शाळेनेच बदलून द्यायचा, आणि नेट नसतानाही धडा उघडला पाहिजे. यावर मूडल, म्हणजे धडे आणि चाचण्या ऑनलाइन ठेवायचं सॉफ्टवेअर, हे उत्तर मला माहीत होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे मार्टिन डुगियामास यांनी ते लिहिलं, पहिली आवृत्ती २००२च्या ऑगस्टमध्ये आली. त्यांचं स्वतःचं लहानपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात गेलं, जिथे शाळा रेडिओवरून भरायची. दूर असलेल्या विद्यार्थ्याचा विचार त्या सॉफ्टवेअरमध्ये जागोजागी दिसतो तो उगाच नाही. परवाना जीपीएलचा, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा, त्यामुळे सॉफ्टवेअरचे पैसे नाहीत. सर्व्हरचे मात्र आहेत.

आणि सर्व्हरचे पैसे म्हटलं की खजिनदार आले. २ जीबी रॅम आणि ५० जीबी डिस्कचा, मुंबईतल्याच डेटा सेंटरमधला क्लाउड सर्व्हर, म्हणजे साइट चालवायला भाड्याने घेतलेला संगणक, महिन्याला हजार-बाराशेच्या आसपास पडतो, वर १८ टक्के जीएसटी. रकमेबद्दल खजिनदारांची तक्रार नव्हती. "बिल कुणाच्या नावे? आणि चेक कुणाला द्यायचा?" हे त्यांचे प्रश्न होते. ट्रस्टकडे क्रेडिट कार्ड नाही. परदेशी कंपन्यांचं सगळं गणित कार्डातून दरमहा आपोआप पैसे कापून घेण्यावर चालतं, आणि रिझर्व्ह बँकेचे अशा कपातीचे कडक नियम ऑक्टोबर २०२१पासून लागू झाल्यापासून ते कधी चालतं, कधी अडतं. शेवटी यूपीआयने आगाऊ रक्कम भरता येईल आणि संस्थेच्या नावाने बिल मिळेल अशी कंपनी शोधली. सर्व्हर निवडताना प्रोसेसर किती वेगवान हे मी शेवटी पाहिलं. शाळांसाठी हे करणाऱ्यांनी आधी पैसे भरण्याची वाट पक्की करावी. बिल थकलं तर सर्व्हर बंद होतो, आणि तो नेमका चाचणीच्या आठवड्यात बंद होतो.

प्रत्यक्ष बसवणं हा सगळ्यात सोपा भाग. सर्व्हरची लिनक्स प्रणाली उबुंटू २४.०४, पानं पाठवणारा एनजिनएक्स, मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी ८.३ आणि माहिती साठवणारा डेटाबेस मारियाडीबी. मूडलची ४.५ ही आवृत्ती घेतली, कारण ती दीर्घकालीन आधाराची आहे आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७पर्यंत मिळणार आहेत. त्याहून नव्या आवृत्त्या होत्या, पण वर्षातून दोनदा आवृत्ती बदलायला इथे माणूस कोण आहे? पीएचपीचे जोडभाग मूडलचा बसवणीचा पडदा स्वतःच तपासतो आणि काय कमी आहे ते लाल अक्षरांत सांगतो. 'मॅक्स इनपुट व्हार्स' हा, एका फॉर्ममधून किती नोंदी घ्यायच्या त्याचा, आकडा ५०००वर न्यावा लागतो, नाहीतर तो पुढे सरकू देत नाही. मुलांच्या फाइली ज्यात राहतात ते मूडलडेटा फोल्डर वेबच्या फोल्डरबाहेर ठेवायचं, म्हणजे पत्ता टाइप करून कुणाला ते उघडता येत नाही. आणि क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप उरकणारा प्रोग्रॅम, दर मिनिटाला चालला पाहिजे. क्रॉन बंद असेल तर साइट वरून ठणठणीत दिसते, पण सूचना जात नाहीत, अभ्यास पूर्ण झाल्याची नोंद होत नाही आणि मुलं म्हणतात, "सर, माझं तर झालंय, दाखवत का नाही?"

एनजिनएक्स वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. बसवणी संपते, मुखपृष्ठ उघडतं आणि समोर येतं ते एकदम नागडं पान: रंग नाही, रचना नाही, डाव्या कडेला निळ्या लिंकांची रांग. पाहणाऱ्याला वाटतं सगळंच फसलं. फसलेलं काही नसतं. मूडल आपल्या सजावटीच्या फाइली मागताना पीएचपी फाइलच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन पुढचा मार्ग जोडतो, आणि एनजिनएक्सच्या नेहमीच्या मांडणीत 'डॉट पीएचपीवर संपणारा पत्ता' एवढाच नियम असतो. त्यामुळे तो त्या मागण्या पीएचपीकडे पाठवतच नाही. नियमात 'डॉट पीएचपीनंतर तिरकी रेघ असली तरी' एवढी भर घालायची आणि तो उरलेला मार्ग पीएचपीला वेगळा द्यायचा, की पान कपडे घालून येतं. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरवर ही भानगड सहसा येत नाही.

दुसरं, फाइल चढवायची मर्यादा. एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठं काही आत घेत नाही, पीएचपी २ एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. गणिताच्या बाईंनी मोबाइलवर काढलेल्या वहीच्या पानांची पीडीएफ ३० एमबीची असते. दोन्हीकडचे आकडे वाढवले तर फाइल चढेल, पण मग ती मुलाला उतरवावीही लागेल. म्हणून मर्यादा १० एमबीच ठेवली आणि बाईंच्या फोनवर स्कॅनचं अ‍ॅप टाकून पानं काळी-पांढरी करायला शिकवली. तीच पानं दोन एमबीत बसली, आणि वाचायलाही आधीपेक्षा स्वच्छ.

सर्व्हर चालू झाला की त्याची लॉगिनची नोंद एकदा उघडून पाहाच. साइटचा पत्ता अजून कुणाला सांगितलेलाही नसतो, आणि जगभरचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट', 'ओरॅकल' अशी नावं लावून दार ठोठावत असतात. यात आपल्यावर कुणाचा डोळा आहे असं काही नसतं, सगळ्याच सर्व्हरांना हे भोगावं लागतं. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त किल्लीच्या फाइलने चालू, रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, थेट प्रवेश नाही, आणि वारंवार चुकणाऱ्यांना अडवणारा फेल-टू-बॅन. इतकं केलं की त्या नोंदीकडे दुर्लक्ष करता येतं.

साइटची जोडणी सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र सर्टबॉट या प्रोग्रॅमने फुकट मिळतं, ९० दिवसांचं, आपोआप नवं होणारं. त्यातली एकच गोम: सर्व्हरला साखळीसकट, म्हणजे मधल्या प्रमाणपत्रांसकट, पूर्ण फाइल द्यायची, नुसतं प्रमाणपत्र नाही. नुसतं दिलं तर संगणकाच्या ब्राउझरवर बहुतेक वेळा कुलूप व्यवस्थित दिसतं आणि अँड्रॉइडवरचं मूडल अ‍ॅप मात्र जोडणीच नाकारतं. आमच्या मुलांपैकी संगणक कुणाकडेच नाही, म्हणजे अ‍ॅप बंद म्हणजे शाळा बंद.

इथपर्यंतचं सगळं मला दिवसाच्या नोकरीमुळे हातचं होतं. खरा वेळ खाल्ला तो पुढच्या कामांनी.

आधी खाती. हजेरीपट एक्सेलमध्ये होता, नावं मराठीत. मूडलला सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल, लागते. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली की 'सुनीता'च्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते. साठवताना यूटीएफ-८ची सीएसव्ही निवडायची, ती यादीत वेगळी असते. मूडलला प्रत्येक खात्याला ईमेल लागतो आणि तो वेगळा लागतो, पण एकाच ईमेलवर अनेक खाती चालू देणारी एक सेटिंग आहे. ती लावली आणि सगळ्यांना शाळेचाच ईमेल दिला. मग त्या एका पेटीत सगळ्या मुलांच्या सूचना धो धो यायला नकोत, म्हणून सीएसव्हीत ईमेल थांबवण्याचा रकाना असतो तो भरला. फोन नंबर, आधार, पत्ता यांतलं काहीच साइटवर ठेवलं नाही. वर्गात १८ वर्षांखालची मुलंही आहेत, आणि २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात त्यांच्या माहितीचे नियम वेगळे आहेत. जे घेतलंच नाही ते सांभाळावंही लागत नाही.

पासवर्डचे मूडलचे मूळ नियम कडक आहेत: आठ अक्षरं, त्यात एक मोठं, एक लहान, एक आकडा आणि एक चिन्ह. ताईंच्या फोनचा कीबोर्ड मराठीत, त्यातून इंग्रजीत जा, शिफ्ट दाबा, चिन्हांचं पान शोधा. दोघी-तिघींनी तिथेच फोन खाली ठेवला. नियम सैल केला, आठ आकडे चालतील असा, आणि त्याबदल्यात चुकीचा पासवर्ड काही वेळा टाकल्यावर खातं थोडा वेळ बंद होण्याची सोय चालू केली. शिक्षकांचे पासवर्ड मात्र मी समोर बसून लांबलचक करून घेतले.

मराठी भाषेचा संच मूडलमध्ये आहे, स्वयंसेवकांनी केलेला, पण पुरा नाही. बऱ्याच ठिकाणी मध्येच इंग्रजी डोकावतं. विद्यार्थ्याला रोज दिसणारी बटणं तेवढी मी भाषेच्या सेटिंगमधून भरून घेतली. अ‍ॅडमिनचे पडदे इंग्रजीतच राहू दिले, ते बघणारा मीच.

प्रश्नपत्रिकांची गंमत वेगळी. बाईंना वेबवर एकेक प्रश्न भरायला लावणं म्हणजे छळ होता. आयकेन नावाचा एक साधा मजकुराचा साचा आहे: एका ओळीत प्रश्न, खाली पर्याय, शेवटी उत्तर. बाईंनी वीस प्रश्न सुंदर टाइप करून दिले आणि मूडलने एकही घेतला नाही, कारण पर्यायांना त्यांनी अ, ब, क, ड लावलं होतं. त्याला इंग्रजी मोठी अक्षरंच लागतात, आणि उत्तराच्या ओळीतला शब्दही इंग्रजीच. बाकी प्रश्न मराठीत असला तरी त्याला काही त्रास नाही. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. बाई अ, ब, क, डच लिहितात, स्क्रिप्ट बदलून देते.

मग आकडे. संख्येत उत्तर द्यायच्या प्रश्नाला विद्यार्थ्याने २४ असं देवनागरीत लिहिलं की मूडल म्हणतो, ही संख्याच नाही. आमच्या पुस्तकात आकडे देवनागरी, फळ्यावर देवनागरी, फोनच्या मराठी कीबोर्डवर देवनागरी, आणि यंत्राला चालत नाहीत. असे प्रश्न आम्ही लघुत्तराच्या प्रकारात घातले आणि दोन्ही लिपींतली उत्तरं बरोबर म्हणून नोंदवली. शब्दांत उत्तर असलेल्या प्रश्नांना मात्र लघुत्तर आवरतं घेतलं. 'ऊर्जा' की 'उर्जा' यावर मार्क कापणं विज्ञानाच्या चाचणीत मला पटत नाही, आणि प्रत्येक संभाव्य ऱ्हस्व-दीर्घ भरत बसणंही शक्य नाही. तिथे बहुपर्यायी प्रश्न बरे.

प्रशस्तिपत्रकाचा प्रकार सांगण्यासारखा आहे. सराव चाचण्या पूर्ण करणाऱ्याला नाव घातलेलं प्रशस्तिपत्रक आपोआप मिळावं, ही मुख्याध्यापकांची हौस. त्यासाठी प्लगइन, म्हणजे मूडलला वरून जोडायचा भाग, आहे, फुकट आहे. पहिलं पत्रक निघालं ते 'किरण'चं, आणि त्यात क मोकळा, त्याची वेलांटी र वर. मूडल पीडीएफ बनवायला टीसीपीडीएफ वापरतो, आणि त्याला देवनागरीतली अक्षरं जुळवता येत नाहीत. टाइप केलेल्या क्रमाने तो चिन्हं मांडत जातो. पहिली वेलांटी संगणकात अक्षरानंतर साठवली जाते आणि दाखवताना आधी यायला हवी, ते काम तो करत नाही. जोडाक्षरं तर पाय मोडून उभी. फॉन्ट बदलून काही होत नाही. म्हणून आता मूडलमधून फक्त यादी काढतो आणि लिब्रेऑफिसमध्ये मेल मर्ज करून, म्हणजे एका साच्यात यादीतली नावं आपोआप भरून, पत्रकं छापतो. नाव बरोबर येतं, आणि मुख्याध्यापकांना सहीही शाईनेच करायची होती.

धड्यांचे व्हिडिओ करायचा बाईंना उत्साह होता. मी आधी मुलांना विचारलं. मिठाईच्या दुकानात काम करणारा एक जण म्हणाला, "सर, दीड जीबी तर मालाच्या फोटोंत आणि रील्समध्ये सात वाजताच संपतं. तुमचा व्हिडिओ कशावर बघू?" म्हणून आवाज. मोनो, ३२ केबीपीएस, दहा मिनिटांचा तुकडा सुमारे अडीच एमबीत बसतो. सोबत वहीची दोन पानं. बाई फळ्यावर बोलतात तशाच बोलतात, "आता समीकरण दोनकडे बघा," आणि मूल लोकलमध्ये कानात इअरफोन घालून पानावर समीकरण दोन बघतं. हे अ‍ॅपमध्ये एकदा उतरवून ठेवलं की नेट लागत नाही. ऑफलाइन सोडवता येणारी चाचणीही आहे, पण तिला अटी आहेत: वेळेची मर्यादा नको, आणि उत्तर चूक की बरोबर हे शेवटीच कळणार. सरावाला तेवढं चालतं. अ‍ॅपच्या मोफत योजनेत ऑफलाइन कोर्सच्या संख्येवर मर्यादा असते, म्हणून विषयवार कोर्स न करता सबंध दहावीचा एकच कोर्स केला आणि विषय त्याचे विभाग केले. पाठ्यपुस्तकं आम्ही चढवली नाहीत. ती ई-बालभारतीवर आहेतच, तिथली लिंक दिली.

सुरुवातीचे आठवडे सर्व्हर संध्याकाळी आरामात होता आणि मध्यरात्रीनंतर धापा टाकायचा. 'डेटाबेसशी जोडणी झाली नाही' असे दोन-तीन निरोप आले, सगळे रात्री बारानंतरचे. एनजिनएक्सची नोंद तासांप्रमाणे मोजली तेव्हा उलगडा झाला. रोजचा डेटा पॅक रात्री बाराला नवा होतो. पोरं बारा वाजायची वाट बघतात आणि पाच मिनिटांत सगळी एकदम धडे उतरवायला लागतात. आणि तेव्हाच बॅकअपही सुरू व्हायचा, कारण मध्यरात्री साइटवर कोण असणार, असा सगळ्याच सर्व्हरवाल्यांचा हिशेब असतो. रॅम संपली की लिनक्स सगळ्यात मोठ्या प्रक्रियेचा बळी घेतो, आणि ती मारियाडीबी. बॅकअप पहाटे चारला नेला. सर्व्हरचं घड्याळही भारतीय वेळेवर लावलं, नाहीतर त्याचे चार म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. पीएचपीच्या प्रक्रियांची संख्या रॅममध्ये मावेल इतकीच बांधून दिली आणि रॅम कमी पडली तर वापरायला डिस्कवर दोन जीबीची स्वॅप फाइल जोडली. तेव्हापासून रात्री थोडं हळू चालतं, पण पडत नाही.

बॅकअप म्हणजे डेटाबेस, मूडलडेटा आणि कॉन्फिगची (मूडलच्या सेटिंगची) फाइल, तिन्ही एकत्र. मूडल फाइलींना मूळ नावं ठेवत नाही, मजकुरावरून काढलेल्या लांब संकेतांक नावाने साठवतो. कुठली फाइल कुणाची हे फक्त डेटाबेसला माहीत. त्यामुळे नुसतं फोल्डरच शिल्लक राहिलं तर हाती लागतात ती निनावी गाठोडी. आमचा एक माजी विद्यार्थी आता मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो, त्याला बसवून बॅकअपवरून दुसऱ्या सर्व्हरवर सगळी साइट उभी करायला लावली. मी फक्त बघत होतो. कुठे अडला ते त्याने वहीत लिहून घेतलं, आणि तीच वही आता मुख्याध्यापकांच्या कपाटात असते.

सध्याचा प्रश्न डिस्कचा आहे. भूमितीच्या सिद्धता बहुपर्यायीत बसत नाहीत, म्हणून बाईंनी मुलांना वहीचे फोटो साइटवर जमा करायला सांगितलं. मूडल ते फोटो पीडीएफमध्ये बदलून घेतो आणि शिक्षकाला त्यावर लाल रेघा मारता येतात. बाईंना हे इतकं आवडलंय की त्या घरी टॅबवर बसून एकेक पायरी तपासतात, 'कारण लिही' म्हणून समासात टीप टाकतात. पण एका फोटोला साडेतीन एमबी, साठ मुलं, प्रत्येकी पाच पानं, म्हणजे एका चाचणीला एक जीबीच्या वर. शिवाय तपासणीसाठी मूडल पानांच्या प्रतिमा वेगळ्या साठवतो ते निराळंच. पूर्वपरीक्षा झाली की जुने फोटो पुसून टाकावेत असं मी सुचवलंय. बाई म्हणतात, "बोर्डाचा निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही." खजिनदारांकडे मोठ्या डिस्कचा अर्ज गेला आहे.